पावसाळी उत्सवांचा गोवा: झगमगाट मैदानावर, गळती सभागृहात

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गोव्याचं पावसाळी वेळापत्रक बरंच पुढे सरकलंय. सांजाव तेवढा इंग्रजी तारखेने चालतो, त्यामुळे तो नेहमीसारखा २४ जूनलाच. बाकी आषाढी एकादशी २५ जुलैला, माशेलचा चिखलकालो त्याच्या दुसऱ्या दिवशी, वास्कोचा सप्ताह १८ ऑगस्टला आणि चवथ थेट १४ सप्टेंबरला. त्यात चिखलकाल्याचा दिवस नेमका रविवारी पडलाय. तेव्हा देवकीकृष्णाच्या मैदानावर खेळणाऱ्यांपेक्षा मोबाईल धरून उभे राहणारे जास्त असणार, हे आत्ताच सांगून ठेवायला हरकत नाही. चोर्ला घाट सुरू राहिला तर बेळगाव-खानापूरकडचे, आणि इकडून दोडामार्ग-सावंतवाडीचे लोकही रविवार साधून येतीलच.

येऊ देत की. उत्सवाला माणसं आली याची तक्रार कोण करणार? प्रश्न वेगळा आहे. गोव्याचा पावसाळा हा आजवर गोवेकरांचा स्वतःचा ऋतू होता. तो आता पर्यटनाचा ‘बारमाही हंगाम’ होऊ घातलाय, आणि त्यासाठी सरकारी पैसा जिथे जातोय ती जागा चुकतेय असं वाटतं.

जरा मागे जाऊन बघू. गोव्यात वर्षाचे सरळ दोन भाग पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पाहुण्यांचा काळ. इफ्फी २००४ पासून गोव्यात आहे, ती नोव्हेंबरात. सेरेंडिपिटी कला महोत्सव डिसेंबरात. मांडवीच्या काठचे मोठे मंडप, परदेशी चित्रपट, हॉटेलांचे चढे दर, सगळं त्याच चार महिन्यांत. जत्रा आणि दशावतारी नाटकं यांचाही काळ कोरडाच. कार्तिकात सुरू होतात, पाऊस जवळ आला की संपतात. उघड्यावरचा रंगमंच, दुसरं काय करणार?

जूनपासून सगळं थांबतं. मिठागरं बंद. यांत्रिकी मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी. खाणी सुरू असत तेव्हा त्यांचं कामही पावसात थांबायचं. शेतात मात्र लावणीची घाई, आणि ती उरकली की तिथेही थोडी उसंत. गोव्याचे पावसाळी उत्सव या उसंतीत बसलेत. २९ जूनचा सांगोड हा मच्छीमारांचा उत्सव का, याचं उत्तर बंदरात बांधून ठेवलेल्या होड्यांत आहे. होड्या रिकाम्या आहेत, त्या एकमेकींना जोडल्या की तरंगता रंगमंच तयार. त्यावर गाणी, छोटी प्रहसनं, वाद्यं. प्रेक्षक काठावर छत्री धरून. तिकीट नाही, जाहिरात नाही.

चिखलकालोही तसाच. देवकीकृष्ण हा मूळचा चोडण बेटावरचा देव, पोर्तुगीज काळात तिथून हलवून माशेलात आला. एकादशीचं अहोरात्र भजन झालं की दुसऱ्या दिवशी पुरुष आणि पोरं अंगाला तेल चोपडून चिखलात उतरतात. चेंडूफळी, आंधळी कोशिंबीर, गोपाळकृष्णाचे जे काही खेळ असतील ते. वरून खाऊ उधळला जातो, तो चिखलातूनच उचलायचा. बघायला आलेल्याने पांढरा सदरा घालून पुढे उभं राहू नये, एवढाच एक नियम. तोही कुणी लिहिलेला नाही.

२०२३ पासून पर्यटन खात्याने या एका दिवसाचा तीन दिवसांचा सोहळा केला. मंच आला, ध्वनिव्यवस्था आली, गायनाचे कार्यक्रम आले, मान्यवर आले. यात सगळंच वाईट आहे असं म्हणणार नाही. गावातल्या भजनी मंडळांना आणि लोककलाकारांना चार कार्यक्रम मिळतात, मानधन मिळतं, माशेलचं नाव बाहेर जातं. समुद्रकिनारा आणि दारू यापलीकडेही गोवा आहे हे सांगायला चिखलकाल्यासारखं दुसरं उदाहरण नाही, हेही मान्य. पण तीन दिवस झाले की उत्सवाचं वजन सरकतं. एकादशीचं भजन हा मूळ गाभा, चिखल हा त्याचा शेवट. बाहेरच्या माणसाला पोस्टरवर चिखलच दिसतो, भजन दिसत नाही. सांजावचं तेच झालं. जावयाचं पहिलं वर्ष, विहिरीत उडी, डोक्यावर पानाफुलांचं कोपेल, घरोघर फिरून गाणं हे शिवोलीसारख्या गावांत अजून टिकून आहे. पण हॉटेलांच्या तलावाकाठी जो ‘सांजाव’ होतो त्यात कोपेल तेवढं उरतं, ते घालणारा जावई नसतो.

याच्या अगदी उलट टोकाला वास्कोचा सप्ताह. हा गावचा नाही, पक्क्या शहराचा उत्सव आहे. बंदर, रेल्वे, तेलाच्या टाक्या आणि देशभरातून आलेले कामगार यांचं हे शहर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे प्लेगची साथ पसरली, तेव्हा लोक जांबावलीच्या दामोदराला शरण गेले, तिथून प्रसादाचं श्रीफळ आणून त्यासमोर अहोरात्र भजन केलं आणि साथ ओसरली, अशी श्रद्धा. तेव्हापासून नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीफळ ठेवून भजन सुरू होतं आणि चोवीस तास खंड पडू दिला जात नाही. भजनी पथकं पाळीपाळीने बसतात. रात्री वेगवेगळ्या समाजांचे ‘पार’ निघतात, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका. बाजूच्या मंडपांत गायनाच्या मैफली रंगतात, तिथे नावाजलेला गवई ऐकायला मिळतो, तोही फुकट. दुसऱ्या दिवशी गोपाळकाला आणि जुन्या श्रीफळाचं समुद्रात विसर्जन.

श्रावणातला पाऊस हा चोवीस तासांत एकदा तरी झोडपतोच. कोणी हलत नाही. पथकाची पाळी रात्री तीनची असली तरी मंडळी टाळ घेऊन हजर असतात. नवीन बूट घालून सप्ताहाला आलेला माणूस नवखा, हे वास्कोत कुणीही ओळखतं.

सप्ताहाला जोडून फेरी भरते. कर्नाटक-महाराष्ट्रातले विक्रेते कपडे, भांडी, खेळणी, खाजं घेऊन येतात आणि ताडपत्रीखाली दुकानं मांडतात. ही फेरी किती दिवस चालू द्यायची, वाहतुकीचं काय, कचरा कोण उचलणार, यावर मुरगाव पालिकेत वाद होत आलेत. वाद झाले तर झाले. वाद होतात याचा अर्थ उत्सव अजून शहराच्या मालकीचा आहे. पर्यटन खात्याच्या सोहळ्यावर असा वाद घालायला लोकांना जागाच नसते, तिथे फक्त निमंत्रणपत्रिका येते.

आता छपराकडे वळू, कारण तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात कलेचं धोरण म्हणजे शेवटी छपराचं धोरण. मैदानावरचे चार उत्सव सोडले तर जून ते सप्टेंबर नाटक, तियात्र, मैफल, नृत्य सगळं सभागृहात जातं. मडगाव, वास्को, साखळी, कुडचड्याची रवींद्र भवनं, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, आणि राजधानीत कांपालची कला अकादमी.

कला अकादमी ही संस्था १९७० ची. मूळ गोव्याचे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी तिची इमारत आखली, ती १९८३ मध्ये पूर्ण झाली. रस्त्याच्या बाजूने आत शिरलं की सावलीतून चालत चालत थेट मांडवीपर्यंत पोचता येतं, मध्ये कुणी अडवत नाही. पावसात तर याचं मोल आणखी. दीनानाथ मंगेशकर कला मंदिरातला प्रयोग संपल्यावर सर ओसरेपर्यंत लोक त्या ओवरीत उभे राहून नाटकाची चिरफाड करत. गोव्यातली निम्मी नाट्यसमीक्षा तिथेच झाली असेल, कागदावर उतरली नाही एवढंच.

२०२१ मध्ये ही वास्तू नूतनीकरणासाठी बंद झाली. काम निविदा न काढता दिलं म्हणून विधानसभेत गदारोळ झाला, तेव्हा त्या वेळच्या कला व संस्कृती मंत्र्यांनी शहाजहानने ताजमहालासाठी निविदा काढली नव्हती, असा दाखला दिला. २०२३ च्या जुलैत, ऐन पावसात, खुल्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं. पहाटेची वेळ होती म्हणून जीवितहानी टळली. त्याच वर्षी नोव्हेंबरात वास्तू पुन्हा खुली झाली, आणि पुढच्याच पावसाळ्यात गळतीच्या बातम्या आल्या. ध्वनी आणि प्रकाशयोजनेबद्दल रंगकर्मींनी तक्रारी केल्या, ‘कला राखण मांड’ या नावाने ते एकत्र आले. अखेर २०२५ मध्ये सरकारने दिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं.

हा सगळा क्रम एवढ्यासाठी सांगितला, की यात राज्यातल्या प्रमुख नाट्यगृहाला रसिक दोन वर्षांहून अधिक काळ मुकले. मुंबई-पुण्यात एक नाट्यगृह बंद पडलं तर प्रेक्षक दुसरीकडे जातो. पणजीत तसं नाही. मिनेझिस ब्रागांझाचं सभागृह आहे, पण ते व्याख्यानाला, छोट्या मैफलीला ठीक. नाटकाला नाही. पणजीकर फोंड्याला जाईल म्हणावं, तर तो प्रयोग संपवून परत कसा येईल?

हा बसचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण पावसाळी कार्यक्रमांना प्रेक्षक का कमी याचं अर्धं उत्तर त्यातच असावं. रात्री नऊनंतर कदंबच्या गाड्या विरळ होतात. स्वतःची चारचाकी नसलेल्याने मुसळधार पावसात, खड्ड्यांतून, स्कूटरवर रात्री साडेदहाला पणजी ते फोंडा करायचं? साठी ओलांडलेला रसिक, जो आजही मराठी संगीत नाटकाचा खरा आधार आहे, तो हे करणार नाही. तरुण करेल, पण त्याची आई त्याला जाऊ देणार नाही. तियात्रवाले हे ओळखून आहेत. तिकिटावर जगणारी ती रंगभूमी आहे, त्यामुळे प्रेक्षक जिथे आहे त्या गावात प्रयोग घेऊन जायचं ही त्यांची जुनी रीत. मराठी रंगभूमी गोव्यात स्पर्धांवर आणि अनुदानावर जास्त विसंबून राहिली. स्पर्धेला परीक्षक लागतात, प्रेक्षक नसला तरी प्रयोग होतो. हे कडू आहे, पण खरं आहे.

मग करायचं काय? सोहळा बंद करा असं कुणी म्हणत नाही. पण चिखलकाल्याच्या तीन दिवसांत मंचावर जो खर्च होतो त्यातला वाटा माशेलच्या गटारांवर, अंग धुण्याच्या नळांवर, बायकांसाठीच्या स्वच्छतागृहांवर गेला तर तो पुढच्या वर्षीही उपयोगी पडेल. रवींद्र भवनांच्या कार्यक्रमाच्या रात्री पावणेअकराची एक कदंब बस सोडायला नवं धोरण लागत नाही, एक फोन लागतो. आणि प्रत्येक सभागृहाच्या छपराची तपासणी मे महिन्यात व्हावी, तिचा अहवाल लोकांना बघता यावा. आपण घराची कौलं मे महिन्यात परततो, सरकारला हे नवं नसावं.

या सगळ्याच्या शेवटाला चवथ येते, आणि ती मात्र अजून कोणाच्या हाती लागलेली नाही. ती घरात आहे म्हणून. गणपतीवर बांधायच्या माटोळीत रानातलं जे पावसाने दिलं ते सगळं लटकतं. कांगलां, कवंडळं, घागऱ्या, आंबाडे, तोरिंगण, सुपारीची शिपटी, नारळाची पेंड. कला व संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं, लोक त्यासाठी रानं पालथी घालून शेकडो प्रकार जमवतात. घुमट आरतीही याच दिवसांतली. घोरपडीचं कातडं कायद्याने बंद झाल्यापासून घुमटाला बकऱ्याचं कातडं येतं. दमट हवेत ते उतरतं, सूर बसतो, मग पोरं आरतीआधी घुमट चुलीशी शेकवत बसतात.

चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत सत्तरी, सांगे, पेडण्याच्या बायका हे रानसामान घेऊन म्हापसा, पणजी, फोंड्याच्या बाजारात येतात. पावसाळी उत्सवांतला सगळ्यांत मोठा कलाबाजार खरं तर हाच. त्या फुटपाथच्या कडेला बसतात, सामान गोणपाटावर मांडतात, आणि डोक्यावर निळं प्लास्टिक धरतात. ते त्यांनी घरून आणलेलं असतं.