द्राक्षमळ्यातील शेवटचा मजूर

तासगाव तालुक्यातील द्राक्षमळ्यांमधून जाताना बायबलातील एक दृष्टांत आठवावा, अशीच ती भूमी आहे. मळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो आणि दिवसाची मजुरी ठरवून माणसे कामाला लावतो. दिवसभरात तो आणखी फेऱ्या मारतो. दिवस मावळायला तासभर उरला असता काही माणसे अजून तिथेच उभी दिसतात. कोणी कामाला लावलेच नाही, एवढेच त्यांचे उत्तर. त्यांनाही तो मळ्यात धाडतो आणि संध्याकाळी पहाटेच्या मजुरांइतकीच पुरी मजुरी हातावर ठेवतो. पहाटेचे मजूर कुरकुरतात. धनी त्यांना सुनावतो की ठरलेले तुम्हांला मिळाले. स्वतःच्या पैशाने उदार व्हायला मी मोकळा आहे.

रूढ अर्थशास्त्राला हा हिशेब पटणारा नाही. परंतु येशूने येथे श्रमाचे तास मोजले नाहीत, घरी वाट पाहणाऱ्यांचे घास मोजले. शेवटचा मजूर आळशी नव्हता. त्याला काम नव्हते. बेकारी हा बेकाराचा गुन्हा नव्हे, हे इतक्या जुन्या काळी इतक्या स्वच्छपणे क्वचितच सांगितले गेले असेल. याच दृष्टांतातील शब्दांवरून जॉन रस्किनने आपल्या १८६२ च्या ग्रंथाचे नाव घेतले. तो ग्रंथ १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात गांधीजींनी वाचला आणि पुढे त्याच्या गुजराती सारानुवादाला ‘सर्वोदय’ हे नाव दिले.

ख्रिस्ती नसलेल्यांनी ख्रिस्ताकडून घ्यावे ते असे. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी बाप्तिस्मा न घेताच ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजाच्या पंक्तीत बसवले. तरुणपणी वाईत शास्त्राध्ययन केलेल्या विनोबांनी ख्रिस्ताच्या उपदेशाचे सार संकलित केले. धर्म सोडावा न लागता सत्य स्वीकारता येते, हे दोघांनीही दाखवले.

या उपदेशात औदार्य आणि अहिंसा वेगळी नाहीत. दुसरा गाल पुढे करण्यास सांगणारे प्रवचनच, अंगरखा मागणाऱ्याला वरचे वस्त्रही देण्यास सांगते. ज्याची मूठ आपल्या मालमत्तेवर आवळलेली आहे, त्याला अहिंसक होता येत नाही. ती राखण्यासाठी त्याला कधी ना कधी लाठी लागतेच. म्हणून हा उपदेश आधी धनवंताला आहे. प्रत्यक्षात तो सांगितला जातो भुकेल्याला, आणि मग त्याचे नाव ‘शांतता व सुव्यवस्था’ होते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन गेलेले लोक निःशस्त्र होते. गोळीबारात नऊ जण पडले. त्यानंतर सातारा जिल्ह्यातील पुष्कळांनी शस्त्र हाती घेतले. ते योग्य होते की नव्हते, हा वाद चळवळीत पुढेही चालला. तथापि मुकाट्याने सोसणे म्हणजे अहिंसा नव्हे, याविषयी दोन्ही पक्षांत मतभेद नव्हता.

मात्र दृष्टांतात एक उणीव आहे आणि ती समाजवाद्याने निर्भीडपणे सांगितली पाहिजे. धनी उदार होता म्हणून मजूर जेवला. दुसऱ्या दिवशी धनी बदलला तर? मिरजेत डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली उभारलेल्या मिशन रुग्णालयाने असंख्यांचे प्राण वाचवले. धर्मप्रसाराचा हेतू मान्य करूनही त्या सेवेचे मोल कमी होत नाही. परंतु दानावर उभी राहिलेली संस्था अखेर दात्याच्या इच्छेवर जगते. १९५१ साली सुरू झालेल्या भूदानाची कथाही हीच. हृदये द्रवली, पण दान मिळालेल्या जमिनीपैकी बरीच नापीक निघाली आणि बरीच भूमिहीनांपर्यंत पोहोचलीच नाही.

या उणिवेचे उत्तर तासगाव तालुक्यातच शोधले गेले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून विसापूर येथे १९६५ साली रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाने त्याची निकड पटवली आणि महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता! बाजारात उभ्या असलेल्या शेवटच्या मजुराला आता धन्याच्या मर्जीची वाट पाहायची नव्हती. खर्चासाठी १९७५ साली शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसला. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, अशी येशूची शिकवण आहे. ती या करात नकळत पाळली गेली. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही, घेणाऱ्याला वाकावे लागत नाही, आणि कोणाच्या नावाची फरशी भिंतीवर बसत नाही.

ही हमी कागदावर किती आणि कामावर किती, हे तपासणे कार्यकर्त्यांचे काम आहे. त्याहून कठीण काम पहाटेच्या मजुरांशी बोलण्याचे. उशिरा आलेल्याला पुरा वाटा मिळाला की आधी आलेल्याला स्वतःचे काही हिरावल्यासारखे वाटते, आणि गरिबाला गरिबाविरुद्ध उभे करणारे नेमकी तीच कुरकुर गोळा करीत हिंडत असतात. हिंसेचे बी तेथे पडते. ते तेथेच खुडणे, हीच आजची अहिंसा होय.