रग्बीचे यजमानपद नगर जिल्ह्याला हवेच

शिर्डी-राहाता-कोपरगाव पट्ट्यात रग्बी सेव्हन्सची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवावी, असे म्हटले की ठरलेली उत्तरे येतात. हा साहेबांचा खेळ, आपल्या मातीतला नाही. पैसा एवढा वर आला असेल तर कबड्डी-कुस्तीला द्या. आणि शेवटी हमखास येणारे वाक्य: असल्या गोष्टी पुण्या-मुंबईला शोभतात, आपल्याला झेपायच्या नाहीत. या तिन्ही आक्षेपांत थोडेथोडे तथ्य आहे, म्हणूनच ते झटकून टाकता येत नाहीत.

पहिला आक्षेप घेऊ. रग्बी इंग्रजांबरोबर आली हे खरेच. कोलकात्यातला इंग्रजांचा रग्बी क्लब १८७८ साली बंद पडला, तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी चषक घडवला. त्याच कलकत्ता चषकासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही खेळतात. मुंबईतही हा खेळ कित्येक वर्षे जिमखान्याच्या हिरवळीवरच राहिला. पण क्रिकेट तरी कुठून आले होते? झहीर खान श्रीरामपूरचा. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा. खेळ परका आहे म्हणून या जिल्ह्याने त्यांना अडवले नाही. मात्र दोघेही घडले ते जिल्ह्याबाहेर, एक मुंबईत आणि दुसरा डोंबिवलीत. माझ्या लेखी खरी खंत ती आहे.

खेळ श्रीमंतांचा असतो की गरिबांचा, हे तो कुणाच्या हाती दिला यावर ठरते. भुवनेश्वरच्या ‘किस’ या संस्थेत आदिवासी मुले राहून शिकतात. तिथल्या मुलांनी २००७ साली लंडनमध्ये चौदा वर्षांखालील शालेय रग्बी स्पर्धा जिंकली, आणि त्याआधी त्यांच्या घरच्यांनी रग्बीचा चेंडू पाहिलेलाही नव्हता. पुढे ओडिशाच्या मुली भारतीय संघाचा कणा झाल्या. आपल्याकडे अकोले तालुका आहे. कळसूबाईच्या पायथ्याची, राजूर-भंडारदऱ्याकडची महादेव कोळी आणि ठाकर समाजाची मुले डोंगर चढून-उतरूनच मोठी होतात. आश्रमशाळा आहेत, वसतिगृहे आहेत. तिथे चेंडू आणि मार्गदर्शक पोहोचलेला नाही, एवढेच कमी आहे.

मातीचे म्हणाल, तर रग्बीची पहिली गरज ओळखणारे लोक आपल्याकडे गावोगाव आहेत. तालमीतला हौद आठवा. लाल माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालायचे, रोज फावड्याने खालीवर करायची. का? तर पडणाऱ्याचे अंग मोडू नये म्हणून. रग्बी हाही पडण्याचाच खेळ आहे. धावत्या गड्याला दुसरा कमरेखाली खांदा लावून मिठी मारतो आणि दोघे एकदमच जमिनीवर येतात. आपल्या बहुतेक शाळांच्या मैदानांवर मुरूम आहे. तिथे असा एक टॅकल झाला की कोपर सोलवटते, गुडघ्याची साल निघते, आणि दुसऱ्या दिवशी आई मुलीला मैदानावर पाठवत नाही. हिरवळ ही इथे चैन नाही. हौदाची माती मऊ ठेवणाऱ्या वस्तादाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

कबड्डी-कुस्तीचा पैसा रग्बी खाईल, हा दुसरा आक्षेप मला सर्वात जवळचा वाटतो, कारण तो घेणाऱ्यांचे त्या खेळांवर प्रेम असते. पण मार्च २०२४ मध्ये पुरुषांची राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा नगरला झाली. २०२५ च्या आरंभी महाराष्ट्र केसरीही इथेच झाली. तेव्हा हे खेळ इथे उपेक्षित आहेत असे म्हणता येत नाही. शिवाय रग्बी त्यांची सवत नाही. कबड्डीत कमरेची पकड, मांडीची पकड शिकलेल्या मुलीला टॅकल नव्याने शिकवावा लागत नाही. फक्त खांद्याच्या रेषेवर हात जाऊ द्यायचा नाही, हे बजावावे लागते. आंतरराष्ट्रीय कबड्डीला मॅट लागते, कुस्तीलाही मॅट लागते. रग्बीला चेंडू, चुन्याच्या रेषा आणि पडायला बरी जमीन लागते. कबड्डीच्या जिल्हा संघात जागा न मिळालेल्या मुलीला भारताच्या संघाकडे नेणारी आणखी एक वाट मिळत असेल, तर ती बंद करण्यात कबड्डीचे कोणते भले आहे?

आता ‘झेपणार नाही’ याकडे वळतो. पंधरा जणांची रग्बी आणि सात जणांची सेव्हन्स यांत फरक आहे. सेव्हन्सचा सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. एकाच मैदानावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत सामने होतात आणि दोन दिवसांत सगळी स्पर्धा उरकते. २०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये रग्बीचा हाच प्रकार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आशियाची वीस वर्षांखालील सेव्हन्स बिहारमधल्या राजगीरला झाली. तेही मूळचे यात्रेकरूंचे गाव. तिथे सरकारने नवे क्रीडा संकुल बांधले होते, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पण शिर्डीकडे राजगीरला हेवा वाटावा असे बरेच काही आधीपासून आहे. काकडीचा विमानतळ ऑक्टोबर २०१७ पासून सुरू आहे. समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून जातो आणि शिर्डीचा फाटा त्यावरच आहे. एरवी रोज हजारो भाविकांना उतरवून घेणाऱ्या गावाला दोन डझन संघांची झोपायची-जेवायची सोय अवघड नाही. कोकमठाणला आत्मा मालिकचे निवासी शैक्षणिक व क्रीडा संकुल आहे. लोणीला प्रवरेचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. ते जवळ असणे फार मोलाचे, कारण रग्बीत डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला तत्काळ बाहेर काढावे लागते.

आणि झेपण्याची गोष्ट या जिल्ह्याने कुणाकडून ऐकावी? लहान लहान शेतकऱ्यांचे भाग गोळा करून १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हाही शहाण्यासुरत्यांनी हेच ऐकवले असणार. दोन दिवसांची स्पर्धा त्याहून अवघड नाही.

अवघड आहे ते वेगळेच आणि त्याबद्दल कुणी आक्षेप घेत नाही. पाणी. गोल रेषांमागची जागा धरून एक मैदान साधारण नऊ हजार चौरस मीटरचे होते. उन्हाळ्यात हिरवळीला रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तरी पंचेचाळीस हजार लिटर लागते. म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचार टँकर, रोज. गोदावरीच्या कालव्यांचे आवर्तन लांबले की उभे पीक जळताना पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर कालव्याचे पाणी गवतावर सोडणे हा अन्याय ठरेल, आणि तशी स्पर्धा मलाही नको. शिर्डीत रोज वापरून वाहून जाणारे पाणी शुद्ध करूनच मैदान जगवले पाहिजे. हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. मैदानाचाही तसा ताळेबंद मांडावा, तो फलकावर लिहावा आणि स्पर्धेआधी वर्षभर लोकांना वाचू द्यावा.

वेळेचेही तसेच. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा आणि नाताळची सुट्टी या दिवसांत शिर्डीत पाय ठेवायला जागा नसते. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारीपासून. जानेवारीचा उत्तरार्ध उरतो. हवा थंड असते, पण रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा असतात. संघांची बस अशा एका ट्रॉलीमागे अडकली की सामना चुकलाच समजा. म्हणून मुक्काम आणि मैदान एकमेकांच्या अगदी जवळ हवेत, आणि सामने नगर शहरात नकोत. नगर-मनमाड रस्त्याची दशा ज्याला ठाऊक आहे, तो हे मान्य करील.

इथे मला माझ्याच बाजूच्या काहींशी भांडायचे आहे. स्पर्धा म्हटली की त्यांना पंचवीस हजार आसनांचे स्टेडियम, प्रकाशझोत आणि भूमिपूजन दिसू लागते. असे स्टेडियम उभे राहिले तर स्पर्धेनंतर त्याला कुलूप लागेल आणि आतले गवत वाळेल. दोन दिवसांसाठी तात्पुरत्या लोखंडी पायऱ्या उभारल्या की काम होते. स्टेडियमच्या पैशात तालुक्या-तालुक्यांत धावायला, पडायला योग्य अशी मैदाने होतात.

पंचांबाबतही आपण सावध व्हायला हवे. महाराष्ट्र केसरीच्या वेळी इथेच एका निर्णयावरून पंचाला लाथ मारण्यापर्यंत प्रकरण गेले आणि दोन मल्लांवर बंदी आली. परदेशी संघांसमोर तसे घडले तर जिल्ह्याची मान खाली जाईल. रग्बीत पंचाशी फक्त कर्णधार बोलतो, आणि सेव्हन्समध्ये पिवळे कार्ड मिळालेला खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसतो. हे वळण मुलांना दहाव्या-बाराव्या वर्षीच लागले पाहिजे. त्यासाठी स्थानिक पंच घडवायला हवेत. शाळांतल्या क्रीडाशिक्षकांतूनच ते घडतील, आणि स्पर्धेच्या रेषांजवळ त्यांनाच उभे करायला हवे.

म्हणून क्रम उलटा धरू नये. आधी आशियाई रग्बी संघटनेला पत्र आणि मग खेळाडूंचा शोध, हे नको. जिल्हा नियोजन समितीने आणि जिल्हा परिषदेने येत्या शैक्षणिक वर्षात अकोले, संगमनेर, राहाता आणि कोपरगाव या चार तालुक्यांतल्या शाळा-आश्रमशाळांना चेंडू द्यावेत, क्रीडाशिक्षकांना प्रशिक्षण द्यावे आणि प्रत्येक तालुक्यात एक मऊ मैदान राखावे. दोन वर्षे तालुक्यांच्या स्पर्धा होऊ द्याव्यात, मुलींच्या आधी. त्यानंतर यजमानपद मागावे. भारतात २०३० साली राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला व्हायच्या आहेत, तेव्हा मधली वर्षे फार नाहीत. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी माझी जिल्ह्यातल्या प्रत्येक सदस्याला विनंती आहे.