बरं वाटलं म्हणजे आजार गेला नाही

'मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा थंड देशांतला आजार, जुन्नर-आंबेगावात तो कुठून येणार?' हे एक म्हणणं. 'हातापायाच्या मुंग्या आपोआप गेल्या, मग औषध कशाला?' हे दुसरं. पहिलं अर्धसत्य आहे, दुसरं घातक.

थंड देशांत हा आजार जास्त आढळतो, हे खरं. पण आपल्याकडे तो नाही असं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याचं नाव आहे. तो बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि बायकांत दुपटीहून अधिक दिसतो. म्हणजे ऐन कामाच्या वयात.

नारायणगावात टोमॅटोची प्रतवारी करणाऱ्या तिशीतल्या बाईला एका डोळ्याने टोमॅटोचा लाल रंग विटका दिसू लागला, डोळा फिरवताना दुखू लागला, तर तो चष्म्याचा नंबर नव्हे. दृष्टिनाडीला आलेली सूज असू शकते. पायातलं बळ गेलं की घरचे म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं'. देवऋषी दोरा बांधतो. काही आठवड्यांत पाय चालू लागतो आणि श्रेय दोऱ्याला मिळतं.

खरं कारण वेगळं आहे. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिनाडीतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण सोलते. सूज ओसरली की लक्षणंही ओसरतात. दोरा नसता तरी बहुधा ओसरलीच असती. स्टेरॉइडने झटका लवकर शमतो, पण आजाराची पुढची चाल बदलत नाही. काहीच त्रास नसताना एमआरआयवर नवे डाग उमटत राहतात आणि वर्षांमागून वर्षं साचलेली हानी पुढे भरून येत नाही.

'बरा होतच नाही, मग खर्च कशाला?' हाही युक्तिवाद टिकत नाही. बरा होत नाही, पण आवरता येतो. झटके कमी करणारं पहिलं औषध १९९३ साली आलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरॅमर आणि रिटुक्सिमॅब यांना या आजारासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. त्यातलं रिटुक्सिमॅब भारतीय कंपन्याही बनवतात. यातली काही औषधं क्षयरोग आणि कावीळ-बी तपासूनच, आणि सगळीच तज्ज्ञाच्या देखरेखीखाली घ्यायची.

मुंग्या आल्या की एमएसच, असंही नाही. बी-१२ची कमतरता, क्षयरोग, एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) हे आजारही असंच रूप घेतात, आणि एमएसची काही औषधं एनएमओमध्ये अपाय करतात. म्हणून अंदाजाने औषध नको. तपासणी, एमआरआय, गरज पडल्यास पाठीतल्या पाण्याची चाचणी, आणि मगच निदान.

मंचर, घोडेगाव, ओतूर इथल्या डॉक्टरांनी आणि आशाताईंनी तरुण रुग्णाला एवढं विचारावं: 'असं याआधी कधी झालं होतं का? डोळ्याला, हाताला, पायाला?' उत्तर 'हो' आलं, तर आज बरं वाटत असलं तरी मेंदूविकारतज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी लिहावी. पाय शाबूत आहेत तेव्हाच उपचार सुरू झाले, तर ते शाबूत राहण्याची आशा सर्वांत जास्त असते.