दुरुस्तीचा हक्क आणि उतारावरची सायकल

सायकलच्या दुरुस्तीला पान्हा, पंप आणि कोपऱ्यावरचा मेस्त्री पुरेसा असतो, ही समजूत डोंगर-उतारावरच्या शर्यतीच्या सायकलपाशी येऊन थांबते. सुमारे 200 मिलिमीटर दबणारा पुढचा चिमटा, तितकेच काम करणारा मागचा शॉकॲब्सॉर्बर आणि सांध्यांवर हलणारी फ्रेम असलेले हे यंत्र मोटारसायकलला अधिक जवळचे आहे. साहजिकच त्याची देखभाल कोणी करायची आणि त्यात बदल करण्याची मुभा कोणाला, हा प्रश्न आता केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही. ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्काची जी चर्चा सध्या जगभर सुरू आहे, तिचीच ती एक बाजू आहे.

मुळात हा खेळच फेरफारांतून वाढला. मोटारसायकल शर्यतींच्या क्षेत्रातून आलेल्या पॉल टर्नर यांनी 1989 मध्ये रॉकशॉक्सचा आरएस-1 हा फोर्क बाजारात आणला, तेव्हा त्याची हालचाल जेमतेम 2 इंचांची होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि उताराच्या शर्यतीत ग्रेग हर्बोल्ड विजेते ठरले. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने पुढे मोठे आणि मागे लहान चाक वापरण्यास परवानगी दिली. त्याच वर्षी लोइक ब्रुनी यांनी अशाच सायकलवर कॅनडात विश्वविजेतेपद मिळवले. प्रयोग आधी आणि नियम नंतर, असाच या खेळाचा क्रम राहिला आहे.

देखभालीचे गणित मात्र प्रयोगांवर सोडता येत नाही. रॉकशॉक्स आपल्या फोर्कच्या खालच्या नळ्यांची सेवा दर 50 तासांनी आणि संपूर्ण सेवा 200 तासांनी करण्यास सांगते. फॉक्सची शिफारस 125 तास किंवा वर्षातून एकदा अशी आहे. येथे मोजमाप किलोमीटरचे नसून तासांचे आहे, हे ध्यानात घ्यावे. सीलमधून शिरलेली बारीक माती वरच्या नळीवरील कठीण थर खरवडते आणि तो थर एकदा गेला की नळीच बदलावी लागते. काही मिलिलिटर तेल आणि सीलचा संच यांवर भागणारे काम टाळल्यास मोठा खर्च ओढवतो. गोव्यासारख्या दमट, खाऱ्या हवेच्या आणि दीर्घ पावसाळ्याच्या प्रदेशात बेअरिंगांवर गंज लवकर चढतो; तेथे ही काळजी अधिकच हवी.

तेल बदलणे घरी जमते. परंतु डॅम्पर उघडणे किंवा मागच्या शॉकमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरणे यांसाठी खास अवजारे लागतात. येथेच ग्राहकाची सत्ता संपते आणि अधिकृत सेवाकेंद्राची सुरू होते.

बदलांच्या बाबतीतही सरसकट निवाडा उपयोगाचा नाही. स्प्रिंग बदलणे, हवेच्या कप्प्यात ठोकळे घालणे, हँडलच्या सांध्याचा कोन किंचित बदलणारे कप बसवणे हे फेरफार मागे घेता येतात. याउलट, फ्रेम सोसू शकेल त्याहून लांब फोर्क लावला की पुढच्या नळीच्या जोडावरील ताण वाढतो. 6061 ॲल्युमिनियमच्या तडकलेल्या फ्रेमला साधे वेल्डिंग केले तर उष्णतेने जोडाभोवतीचा धातू मऊ पडतो. पुन्हा उष्णता-प्रक्रिया केल्याशिवाय मूळ ताकद परत येत नाही. ही त्रुटी डोळ्यांना दिसत नाही, ती खडकाळ उतारावर जाणवते.

कायद्याची चौकट अजून या यंत्रापर्यंत पोहोचलेली नाही. युरोपीय संघाने 2024 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश स्वीकारला. परंतु त्याच्या यादीत घरगुती उपकरणांचा भर असून साधी सायकल नाही. भारत सरकारने डिसेंबर 2022 मध्ये यासाठी पोर्टल सुरू केले; त्यात शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे घेतली आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये केरळमधील पोन्मुडी येथे आशियाई माउंटन बाइक स्पर्धा भरवणाऱ्या देशात या खेळाच्या साधनांचा विचार अप्रस्तुत ठरू नये.

उत्पादकांची बाजूही निराधार नाही. चुकीच्या जोडणीने कोणाचा जीव धोक्यात आला, तर बोट त्यांच्याकडेच दाखवले जाते. परंतु सुरक्षिततेचे कारण पुढे करून सुट्या भागांची आणि माहितीची दारे बंद ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. सेवा-पुस्तिका खुल्या असाव्यात, जुन्या मॉडेलांचे सील व बेअरिंग ठरावीक वर्षे मिळावेत, फोर्कच्या लांबीची मर्यादा फ्रेमवरच ठळक छापावी. ग्राहकानेही सेवेची नोंदवही ठेवावी. जुनी सायकल विकत घेणाऱ्याला मागच्या मालकाने कोठे काय कापले वा जोडले, हे कळलेच पाहिजे. दुरुस्तीचा हक्क मागणाऱ्याला जोखमीची जबाबदारीही पत्करावी लागेल. मात्र ती पत्करण्यापूर्वी जोखीम नेमकी किती आहे, हे त्याला सांगणे उत्पादकाचे काम आहे.