तापीचा गाळ आणि सागराची सीमा

शहादे तालुक्यातील म्हसावद हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. तेथील विद्यार्थ्याला समुद्र भेटतो तो बहुधा नकाशातच. तरीही अरबी समुद्राच्या तळावरील हक्काचा प्रश्न त्याला परका नाही. सातपुड्याचे ओढेनाले माती तापीत नेतात. आणि नद्यांनी युगानुयुगे सागरात लोटलेला गाळ हाच आज आंतरराष्ट्रीय कायद्यात राष्ट्राच्या हक्काचा एक पुरावा ठरला आहे. अरबी समुद्रातील गाळाचा मोठा वाटा सिंधूचा असला, तरी नर्मदा-तापीचाही त्यात हिस्सा आहे.

१९४५ साली अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी किनाऱ्यालगतच्या भूखंडमंचावरील, म्हणजेच समुद्रबूड जमिनीवरील, खनिजसंपत्तीवर हक्क सांगितला आणि इतर राष्ट्रांतही चढाओढ लागली. तिला शिस्त लावली ती १९८२ च्या सागरी कायदाविषयक कराराने. किनाऱ्याच्या आधाररेषेपासून २०० सागरी मैलांपर्यंतचा तळ किनारी राष्ट्राचाच. त्यापलीकडे मात्र आपल्या भूमीचा नैसर्गिक विस्तार तेथवर पोहोचतो, हे सिद्ध करावे लागते. त्याच्या कसोट्या दोन. एक अंतराची : खंडान्त उताराच्या पायथ्यापासून ६० सागरी मैल. दुसरी गाळाची : पायथा १०० किलोमीटर मागे राहिला असेल, तर त्या ठिकाणी गाळाचा थर किमान १ किलोमीटर जाड हवा. सर्वसाधारण कमाल मर्यादा ३५० सागरी मैलांची. हा हक्क तळाचा व तळाखालच्या संपत्तीचा. वरच्या पाण्याचा वा त्यात पोहणाऱ्या मासळीचा नव्हे.

भारताने आपला सागरी क्षेत्रांचा कायदा १९७६ सालीच केला. मुंबई हायचे तेल निघू लागले तेही त्याच वर्षी. कराराला १९९५ मध्ये मान्यता दिल्यावर ११ मे २००९ रोजी भारताने २१ तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगापुढे आपला दावा मांडला. पाकिस्तानला २०१५ साली आयोगाची अनुकूल शिफारस मिळाली. भारताला त्यानंतरही तिष्ठावे लागले. दाव्यांची रांग लांब आहे. शिवाय शेजाऱ्यांशी वाद असेल तेथे संबंधितांच्या संमतीवाचून आयोग पुढे जात नाही. बांगलादेशाबरोबरचा सीमावाद २०१४ च्या लवादाने मिटला व भारताने तो निवाडा मानला, हे शहाणपणाचेच झाले.

आरमार बलवान असले की हक्क शाबूत राहतो, ही समजूत येथे कामाची नाही. येथे लागतात समुद्रतळाची मोजमापे, गाळाच्या थरांची भूकंपतरंगांनी केलेली पाहणी, भूवैज्ञानिक आणि कायदेपंडित. गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राकडे हे काम सोपविलेले आहे. अशा कामाला वर्षानुवर्षे पैसा आणि माणसे पुरविणे हा खर्च नसून राष्ट्राचा सातबारा राखण्याची तजवीज आहे.

परंतु मालकच अनभिज्ञ राहिला तर सातबारा कोण तपासणार? राज्यघटनेच्या २९७ व्या अनुच्छेदानुसार भूखंडमंचाखालील संपत्ती कोणा एका किनारी राज्याची नसून संघराज्याची आहे. म्हणजे तीवर मुंबईकराचा जितका अधिकार, तितकाच म्हसावदकराचा. दाव्याचे पुढे काय झाले, हे शासनाने लोकांना त्यांच्या भाषेत वेळोवेळी सांगितले पाहिजे. आणि शाळेत तापी शिकविताना शिक्षकाने सुरतेपाशी खडू खाली ठेवू नये. नदीची रेघ समुद्रात आणखी पुढे जाते.