पाठ दुखतेय? आधी खड्ड्यांना शिव्या देऊ नका!

धामणकर नाक्यावर कुणालाही विचारा, पाठ का दुखते? उत्तर तयार असतं. रिक्षावाला म्हणेल, खड्डे. लूमवरचा कामगार म्हणेल, बारा तासांची पाळी. गोदामातला पोरगा म्हणेल, खोकी. आणि इथून रोज ठाणे-कल्याण गाठून लॅपटॉपपुढे बसणारे आपण? 'ऑफिसची खुर्चीच बोगस आहे यार!' बहुतेक वेळा हे खरंही असतं. पण कारण असं हाताशी असलं की दुसरं कारण कुणी शोधतच नाही. ते दुसरं कारण कधी कधी निघतं मणक्याचा टीबी!

दचकलात? टीबी म्हणजे खोकला, हे समीकरण आता डोक्यातून काढा. टीबीचे जंतू रक्तातून मणक्यापर्यंत पोचतात आणि हाड आतून पोखरतात. हाडांच्या टीबीच्या जवळपास निम्म्या केसेस मणक्याच्या असतात. अमिताभ बच्चन यांनाही २००० साली, 'कौन बनेगा करोडपती' सुरू होताना, हाच आजार निघाला. त्या दिवसांत आपण रोज आठ-दहा पेनकिलर घेऊन खुर्चीत बसत होतो, असं त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितलंय. पुढे उपचार घेऊन ते ठणठणीत बरे झाले.

मग साधी पाठदुखी आणि ही, फरक कसा ओळखायचा? खुर्चीची पाठदुखी वीकेंडला आराम केला की सहसा उतरते. ही उतरत नाही. रात्री झोपेतही ठणकते, आठवड्यामागून आठवडे वाढत जाते. सोबत संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, डाएट न करता उतरणारं वजन. अर्थात ताप नसला म्हणून बिनधास्त राहू नका, तो प्रत्येकाला येतोच असं नाही. आणि पायांतली ताकद गेली, बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल!

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून पार्टी करू नका. हाड बरंच झिजल्याशिवाय त्यात काही दिसत नाही. एमआरआय लवकर सांगतो, पण जंतू कुठला, हे सुईने काढलेला तुकडाच सांगतो. त्या तुकड्याची सीबीनॅट टेस्ट साधारण दोन तासांत टीबीचे जंतू शोधते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, तेही कळतं. कल्चरला मात्र काही आठवडे लागतात. ही उठाठेव कशासाठी? कारण स्टॅफिलोकोकससारखे दुसरे जंतूही मणका धरतात. त्यांना साधारण सहा आठवडे वेगळी अँटिबायोटिक्स लागतात, टीबीला किमान वर्षभर गोळ्या. म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. अर्धवट डोसाने जंतू लपतो आणि तपासणी फसते.

ऑपरेशनची भीती वाटतेय? बहुतेकांना ते लागतच नाही. मद्रासमध्ये १९७०च्या दशकात झालेल्या चाचण्यांतही हेच दिसलं, की गोळ्या घेत हिंडते-फिरते राहिलेले बहुतेक पेशंट बरे होतात. पहिले दोन महिने चार औषधं, मग तीन. खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होते. दुखणं थांबलेलं असतं, गोळ्यांचा कंटाळा आलेला असतो आणि कोर्स सुटतो. तिथेच औषधाला न जुमानणाऱ्या टीबीला दार उघडतं.

खर्चाचं टेन्शनही सोडा. सरकारी केंद्रांत टीबीची औषधं मोफत मिळतात. आहारासाठी पेशंटच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये यायचे, ते नोव्हेंबर २०२४पासून १००० झाले. भिवंडीकरांनी चौकशी शहरातल्याच इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयापासून सुरू करावी.

आणि हो, ऑफिसात कुणाला हा आजार निघाला तर त्याचा डबा बाजूला सरकवू नका. फुफ्फुसात टीबी नसेल तर मणक्याचा टीबी दुसऱ्याला लागत नाही. खड्डे बुजायचे तेव्हा बुजतील. तुमची पाठदुखी मात्र महिनाभर हटली नसेल, तर पुढच्या पेनकिलरऐवजी डॉक्टर गाठा.