कॉर्नर किक : जल्लोष मोठा, गोल मोजके

फुटबॉलच्या मैदानावर एखाद्या संघाला कॉर्नर किक मिळाली की प्रेक्षकांमध्ये अर्धा गोल झाल्यासारखा जल्लोष सुरू होतो. या समजुतीला बळ देणारे प्रसंगही आहेत. चॅम्पियन्स लीगच्या १९९९ च्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडने इंज्युरी टाइममध्ये बायर्न म्युनिकच्या हातून विजय हिसकावला, तो डेव्हिड बेकहॅमच्या दोन कॉर्नरच्या बळावर. आदल्याच वर्षी विश्वचषकाच्या अंतिम लढतीत झिनेदिन झिदानने ब्राझीलविरुद्ध डोक्याने केलेले दोन्ही गोलही कॉर्नरवरचेच होते.

आकडेवारी मात्र वेगळेच सांगते. ख्रिस अँडरसन आणि डेव्हिड सॅली या अभ्यासकांनी इंग्लिश प्रीमियर लीगच्या २०१०-११ च्या मोसमातील १३४ सामन्यांमधील १,४३४ कॉर्नर तपासले. पाचपैकी चार कॉर्नरमधून गोलवर फटकादेखील मारता आला नव्हता. जे फटके मारले गेले, त्यांतही नऊपैकी एकच सफल ठरला. म्हणजेच सर्वसाधारण संघाला कॉर्नरवर एक गोल मिळण्यासाठी सुमारे दहा सामने वाट पाहावी लागत होती.

याची कारणे उघड आहेत. थेट कॉर्नरवर ऑफसाइडचा नियम लागू होत नाही, ही आक्रमकांना मिळालेली सवलत. परंतु चेंडू मारला जाईपर्यंत बचाव फळीला सावरण्यास पुरेसा अवधी मिळतो आणि उंचावरून येणारा चेंडू गोलरक्षक हातांनी झेलू शकतो. शिवाय उंच बचावपटू पुढे गेल्याने स्वतःचा गोल उघडा पडतो. २०१८ च्या विश्वचषकात जपानने बेल्जियमविरुद्ध २-२ अशा बरोबरीत, अखेरच्या क्षणी कॉर्नर घेतला. गोलरक्षक कुर्त्वाने चेंडू अलगद झेलला आणि काही सेकंदांतच बेल्जियमने विजयी गोल नोंदवला.

मग कॉर्नर निरुपयोगी म्हणायचा का? आर्सेनलने याचे उत्तर दिले आहे. निकोलस जोव्हर या खास प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली या संघाने २०२३-२४ च्या प्रीमियर लीगमध्ये कॉर्नरवर १६ गोल करून स्पर्धेच्या विक्रमाशी बरोबरी साधली. दहा सामन्यांत एक गोल हे प्रमाण धरले, तर ३८ सामन्यांत चारच गोल व्हायला हवे होते. सतत आक्रमण करणाऱ्या संघाला कॉर्नर अधिक मिळतात हे खरे. तथापि चौपटीचा हा फरक केवळ त्यामुळे पडत नाही. कोणी कुठे धावायचे, गोलरक्षकाची वाट कोणी अडवायची, हे सारे सरावातच पक्के केलेले असते.

या डावपेचांमुळे गोलसमोर ढकलाढकली वाढते आणि खेळाचे सौंदर्य हरवते, ही टीका अगदीच अनाठायी नाही. त्यावर अंकुश ठेवणे हे पंचांचे काम. मात्र कॉर्नर हे नुसते संधीचे दार आहे. ते उघडण्याची किल्ली सरावाच्या मैदानावरच घडते, हे आता नाकारता येणार नाही.